खापरपणजोबांची कर्जखतं, १८७५ आणि माझी अडलेली कादंबरी

शाईदौत

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आमच्या घरात एक गोष्ट चार पिढ्या चालत आलीय. माझे खापरपणजोबा पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यात सावकारी करायचे. १२ मे १८७५ ला सुप्याला शेतकरी जमले, सावकारांच्या वह्या आणि खतं काढून घेतली, जाळली, आणि मग हे लोण आजूबाजूला पसरलं, पार नगर जिल्ह्यापर्यंत. आमच्याही दारात रात्री जमाव आला. आजोबा सांगायचे की खापरपणजोबांनी दार लावून घेतलं नाही, स्वतः दप्तर उघडलं, सगळी खतं ओसरीवर आणून ठेवली आणि म्हणाले, "जाळा, मीही बघतो." लोकांनी खतं जाळली, त्यांच्या केसालाही धक्का न लावता निघून गेले. हे सांगताना आजोबांचा आवाज दर वेळी बारीक व्हायचा आणि आम्ही पोरं गप्प बसायचो.

तीन वर्षांपासून यावर कादंबरी लिहितोय. नव्वद पानं झालीत, ओसरीचा प्रसंग तर सगळ्यात आधी लिहिला होता.

आता अडचण अशी की गेल्या वर्षी माळा आवरताना एक पत्र्याची पेटी निघाली, तिच्यात लाल फडक्यात बांधलेला मोडी कागदांचा रुमाल. एका जाणकाराकडून वाचून घेतले. सगळी कर्जखतं आहेत, १८६३ पासून १८७४ पर्यंतची. म्हणजे जी जळाली असं आम्ही मानत आलो तीच.

एका काकांना सांगितलं तर म्हणाले पेटी परत माळ्यावर ठेव आणि पुस्तकही नको. मला समजत नाहीये की आजोबांची गोष्ट लिहू का कागदांची? आणि खरी नावं ठेवायची का बदलायची?

मीरा_वाचते

वाचतेय. कृपया धागा सोडू नका.

पाषाण

माझं सरळ मत, आजोबांची गोष्ट लिहा. कादंबरी आहे ही, कोर्टातला जबाब नाही. ओसरीवरचा प्रसंग इतका जिवंत आहे की तो घडला का नाही याने वाचकाला काडीचा फरक पडत नाही. कागद हाती आले की लेखक घाबरतो आणि मग दर पानावर पुरावा देत सुटतो, अशा ऐतिहासिक कादंबऱ्या मी अर्ध्यावर सोडल्यात.

मोडीप्रेमी

पाषाण, थोडा असहमत, पण ते नंतर. आधी शाईदौत यांना काही प्रश्न.

१) एकाच माणसाची एकापेक्षा जास्त खतं आहेत का? असतील तर दोन खतांमध्ये किती वर्षांचं अंतर आहे?

२) खताखाली सही आहे का निशाणी?

कारण असं, की १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न केलेल्या कर्जखताला तीनच वर्षं जीव होता. उद्देश चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं साचू नये. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार कुळाला बोलावून नवीन खत लिहून घ्यायला लागले आणि जुन्या खताचं मुद्दल अधिक व्याज हे नव्या खताचं मुद्दल व्हायचं. तुमच्या रुमालात हे दिसेल असं मला वाटतंय.

आणि तोवर कृपा करून कागदांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. रुमालात कागद ज्या क्रमाने होते तो क्रमही लिहून ठेवा, तोसुद्धा पुरावा असतो.

शाईदौत

मोडीप्रेमी, अंगावर काटा आला. आहेत. एका माणसाची चार खतं आहेत. शके १७८५, १७८८, १७९१, १७९४. खाली "निशाणी नांगर" आणि शेजारी छोटासा नांगर काढलाय. रकमा ४० रुपये, ६९, ११८ आणि २०३. प्रत्येकात व्याज "दरमहा दर शेकडा २ रुपये".

तिथीवार

शकात ७८ मिळवले की इसवी सन (पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींना ७९). म्हणजे १८६३, १८६६, १८६९, १८७२. बरोब्बर तीन-तीन वर्षं.

आता हिशोब. शेकडा २ दरमहा म्हणजे तीन वर्षांचे ७२ टक्के. ४० चे होतात ६८ रुपये आणि वर बारातेरा आणे, म्हणजे ६९. त्याचे पुढच्या तीन वर्षांत ११८, त्याचे २०३. तंतोतंत जुळतंय. याचा अर्थ नऊ वर्षांत या माणसाने एक पैसाही दिला नाही, निदान खतांवरून तरी तसं दिसतं.

वकीलकाका

आणि एक मुद्दा. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता, थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. ४० रुपये कर्जावर फार तर ८० मागता आले असते. पण दर खेपेला नवं खत केलं की व्याजाचं मुद्दल होतं आणि दामदुपट नव्याने मोजायची, म्हणून २०३ कायद्यात बसले.

नावांबद्दल. लोकांना वाटतं मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही. होऊ शकते. आधी भारतीय दंड संहितेचं कलम ४९९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६ आहे, दोन्हीत स्पष्टीकरण आहे की मृत व्यक्तीबद्दलचा आरोप तिच्या जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखवायच्या हेतूने केला असेल तर तो बदनामीत मोडू शकतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसावर सद्हेतूने लिहिलेल्या कादंबरीला मी या कलमाला घाबरून थांबवणार नाही. पण नावं बदला. कायद्यासाठी कमी, गावासाठी जास्त. कर्जदाराचे वंशज त्याच गावात असतील आणि त्यांना कोणी विचारलेलं नाही.

गव्हाणी

दोन दिवस हा धागा उघडतेय आणि बंद करतेय. आज लिहितेच.

मी दुसऱ्या बाजूची. आमचे पूर्वज कुळं होते, तुमच्या तालुक्यातले नाहीत पण नगरकडचे. आमच्याकडे पेटी नाही, रुमाल नाही, एकही कागद नाही. कर्ज आमचं आणि कागद सावकाराच्या घरी, त्यामुळे आमच्या घराण्याचा इतिहास लिहायचा तर तो तुमच्यासारख्या कोणाच्यातरी माळ्यावर असतो.

शाईदौत, रागाने विचारत नाहीये, पण नवीन खत झालं की जुनं खत फाडून कुळाला परत द्यायचं असतं ना? मग १८६३, ६६ आणि ६९ ची खतं तुमच्या पेटीत कशी?

शाईदौत

गव्हाणीताई, हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. उत्तर नाही माझ्याकडे. म्हणजे आहे, पण लिहायला हात उचलत नाहीये.

मोडीप्रेमी

गव्हाणी यांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. शेतकऱ्यांच्या त्या वेळच्या तक्रारी याच होत्या, भरणा केला तरी पावती मिळत नाही, जुनं खत परत मिळत नाही, खतात काय लिहिलंय ते वाचता येत नाही. सरकारने दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगासमोर हे सगळं आलं आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात (आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चारच जिल्ह्यांना लागू होता) पावत्या देणं, हिशोब दाखवणं आणि सरकारी निबंधकासमोर खत करणं आलं. कर्जापायी कैदेत टाकणंही बंद झालं.

निशाणीबद्दल एक सांगायचं राहिलं. कुणब्याची निशाणी नांगर, बाईची निशाणी बांगडी, हे जुन्या कागदांत नेहमी दिसतं. पण बऱ्याचदा तो नांगर खत लिहिणाराच काढायचा आणि निशाणी करणारा फक्त कलमाला हात लावायचा. तुमचे चारही नांगर शेजारी ठेवून बघा. "बिकलम" (म्हणजे लिहिणारा) म्हणून ज्याचं नाव आहे त्याच्या अक्षराशी रेघांची जाडी ताडून बघा.

शाईदौत

बघितलं. चारही नांगर एकाच हातचे आहेत आणि तो हात लिहिणाऱ्याचाच आहे, "बिकलम" खालच्या नावाचं वळण तसंच. म्हणजे त्या माणसाने स्वतः ओढलेली एक रेघसुद्धा या चार कागदांवर नाही. मी गेले सहा महिने त्या नांगराकडे बघून त्याचा स्वभाव ठरवत होतो.

पाषाण

हे वाचून माझं मत थोडं हललंय हे कबूल करतो. नांगराची ही गोष्ट कोणाला कल्पनेने सुचली नसती.

तरी मुद्दा सोडत नाही. आजोबांची गोष्ट खोटी म्हणून फेकून देऊ नका. ती कोणी रचली, कधी रचली, कोणासाठी? तीच कादंबरीतली सगळ्यात मोठी जागा आहे.

सदाफुली

पाषाण +१. मी याच रस्त्याने गेलेय म्हणून अनुभव सांगते.

माझं पुस्तक पणजीवर होतं. घरात तिचं नाव कोणालाच माहीत नव्हतं, सगळे "बाई" म्हणायचे. वंशावळीत पुरुषांची नावं सात पिढ्या आणि तिच्या जागी नुसतं "पत्नी". शेवटी त्र्यंबकेश्वरला आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत सापडली. पणजोबा श्राद्धाला गेले होते तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने घरातली सगळी नावं लिहून दिली होती, त्यात तिचं सासरचं नाव होतं आणि माहेरचं आडनावसुद्धा. दोन शब्द. मी तिथेच बसून रडले. ज्यांना घराण्यावर लिहायचंय त्यांनी नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर इथल्या उपाध्यायांच्या वह्या नक्की बघा, गावाचं आणि आडनावाचं सांगितलं की बहुतेक वेळा वही निघते.

आता शाईदौत यांच्यासाठी. तुमच्या सगळ्या मजकुरात एकही बाई नाही. जमाव आला त्या रात्री खापरपणजी कुठे होती? आणि त्याच्या आधी? शिरूर तालुक्यातल्या करडे गावात १८७४ च्या डिसेंबरातच सावकारांवर बहिष्कार पडला होता, त्यांच्या दुकानातून कोणी काही घेईना, न्हावी, परीट त्यांचं काम करीनात. तसा बहिष्कार तुमच्या गावी आला असं धरा. पुरुषाला दाढी वाढल्याचा त्रास, पण पाणी कोण भरणार, धुणं कोण धुणार, बाळंतपणाला कोणाला बोलवणार? गावाचं मन फिरलंय हे तिला नवऱ्याच्या आधी कळलं असणार, विहिरीवर.

मीरा_वाचते

सदाफुली, विहिरीवरचं वाक्य वाचून थांबले. हे पुस्तक मला विकत घ्यायचंय आणि ते अजून लिहिलंसुद्धा नाहीये!

वकीलकाका

थोडं विषयांतर. वर मोडीप्रेमी यांनी "दंगे" म्हटलंय. सरकारी कागदात "दंगे" आहे कारण ते सरकारने लिहिलेत. बहुतेक ठिकाणी लोकांनी खतं मागितली, दिली तर जाळली आणि परत गेले, नाही दिली तिथे मारझोड आणि जाळपोळ झाली. याला उठाव म्हणायला हवं.

तिथीवार

काका, उठाव म्हटलं की सरकारविरुद्ध वाटतं, इथे रोख सावकारावर होता. पण कारणांमध्ये सरकार होतंच. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला भाव आला, सावकार मागेल त्याला कर्ज देत सुटले. युद्ध संपलं, भाव पडला, आणि त्याच सुमारास नव्या जमाबंदीत सरकारने शेतसारा वाढवला. सारा रोख भरायचा म्हणून परत सावकाराकडेच जावं लागायचं.

गव्हाणी

आमच्या घरात ना दंगा म्हणतात ना उठाव. "खतं जाळली तेव्हा" असं म्हणतात. कादंबरीतल्या माणसांनी तेच म्हणावं असं मला वाटतं, त्यांना आपण १८७५ चे दंगे करतोय हे कुठे माहीत होतं.

पाषाण

हे मात्र शंभर टक्के. भाषेचं हेच. त्या काळच्या पात्राने "सातबारा" म्हटलं की मी पुस्तक मिटतो, तो नंतरचा. पाहुणा आला की चहा ठेवणारी खेड्यातली घरंसुद्धा.

सदाफुली

शाईदौत, त्या वेळची मराठी कानात बसायला पुण्याचं ज्ञानप्रकाश (१८४९ पासूनचं) वाचा, जुने अंक ग्रंथालयांत बघायला मिळतात. पण ती शिकलेल्यांची मराठी. कुळाच्या घरातल्या बायकांच्या बोलण्यासाठी जात्यावरच्या ओव्या वाचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटेवीन यांनी गावोगाव फिरून ओव्या गोळा केल्या, त्या संग्रहात लाखाच्या वर ओव्या आहेत आणि आता पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात, त्याच बायकांच्या आवाजात. ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांचं दप्तर तेच.

गव्हाणी

सदाफुलीताई, शेवटचं वाक्य माझ्या आजीला वाचून दाखवलं. तिला अजून चाळीसेक ओव्या येतात. उद्यापासून रेकॉर्ड करायला घेतेय.

शाईदौत

मंडळी, आठ दिवस लिहिलं नाही कारण गावाला जाऊन आलो. सगळं सांगत बसत नाही, मुद्द्याचं सांगतो.

काकांशी बोललो. ते म्हणाले तुझे आजोबा लहानपणी शाळेत गेले की पोरं त्यांना "खतवाल्याचा" म्हणून चिडवायची. एकदा रडत घरी आले तेव्हा त्यांच्या आजीने त्यांना जवळ घेऊन ही ओसरीची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. काकांना हे आजोबांनीच शेवटच्या आजारपणात सांगितलं होतं. म्हणजे पाषाण, तुम्ही विचारलं होतं ना कोणी रचली आणि कोणासाठी, एका बाईने रडणाऱ्या नातवासाठी रचली. आजोबांना ती रचलेली आहे हे माहीत होतं की नव्हतं, हे काकांना विचारलं. ते काहीच बोलले नाहीत. पण पेटी माझ्याकडेच राहू दे म्हणाले.

तर आता ठरवलंय असं. नावं सगळी बदलणार, गावाचंही. ओसरीचा प्रसंग राहील, पण १८७५ मध्ये नाही, खूप नंतर, आजी नातवाला सांगते म्हणून. आणि १८७५ ची खरी रात्र मला माहीत नाही तशीच लिहायची, खापरपणजीच्या नजरेतून, आतल्या खोलीतून, ती पेटीवर बसलीय. तो प्रसंग काल लिहायला घेतला, "अमावास्येचा मिट्ट काळोख" अशी सुरुवात केली. चालेल ना?

तिथीवार

नाही चालणार! सुप्याच्या दिवसाच्या आसपासची रात्र असेल तर अमावास्या आठवडाभर आधीच होऊन गेली होती. १२ मे १८७५ म्हणजे शके १७९७, वैशाख शुद्ध सप्तमी, वार बुधवार. अर्धा चंद्र संध्याकाळी डोक्यावर आणि मध्यरात्रीच्या सुमाराला मावळणार. म्हणजे जमाव लवकर आला तर खापरपणजीला चेहरे ओळखू येतील. मावळल्यावर आला तर फक्त आवाज.

सदाफुली

चेहरे ओळखू येऊ देत. तिच्या विहिरीवरचे असू देत.

मोडीप्रेमी

सुरेख चाललंय. शाईदौत, एकच राहिलं, मी पहिल्या प्रतिसादात दोन्ही बाजूंचे फोटो म्हटलं होतं. तुम्ही दिलेलं सगळं पुढच्या बाजूचं आहे. भरणा झाला की तो खताच्या पाठीवर टिपायची पद्धत होती. पाठी वाचून घेतल्यात का?

शाईदौत

नव्हत्या घेतल्या. पाठी कोऱ्या वाटल्या होत्या म्हणून फोटोच काढले नव्हते. आज चारही कागद खिडकीपाशी नेऊन बघितले. तीन कोरे आहेत. १८६९ च्या, ११८ रुपयांच्या खताच्या मागे अगदी कडेला फिकट शाईत एक ओळ आहे. जाणकारांना फोटो पाठवला, आत्ता उत्तर आलं. "रोख रुपये ५ भरणा" आणि पुढे शके १७९३, चैत्र.

तिथीवार, तुमचा हिशोब तंतोतंत जुळला होता. ११८ चे २०३. हे पाच रुपये त्यातून वजा झालेले नाहीत. मी चार वेळा मांडून बघितलं.

तिथीवार

मीही आत्ता परत मांडलं. नाही झालेले.

गव्हाणी

चैत्र म्हणजे शाळू निघून खळं झाल्यावर. माल विकून पहिले तुमच्याकडे आलेला दिसतो तो.

शाईदौत

हो ताई. कादंबरी तिथून सुरू करतोय.